घरं बांधायला नेपाळला जावं का? एका साईट इंजिनिअरचं उत्तर

प्रश्नकर्ते ठाण्याचे, वय २८, नोकरी आयटीत. प्रश्न थोडक्यात असा: एका संस्थेतर्फे दोन आठवडे नेपाळच्या खेड्यात घरं बांधायला जायचा विचार आहे. विमानाचं तिकीट सोडून १ लाख १० हजार रुपये मागतायत. बांधकामाचा अनुभव शून्य. माझ्या जाण्याने गावाचं काही भलं होतं का? गावकऱ्यांशी नातं जुळतं म्हणतात ते कसं जुळतं? की ही नुसती महागडी सहल?

मी सिव्हिलमधली. मुंबईत साईटवर २६ वर्षं झाली, त्यातली बरीचशी रिडेव्हलपमेंटच्या धुळीत. नेपाळला २०१६ पासून पाच खेपा झाल्या, चार नुवाकोट जिल्ह्यात आणि एक गोरखात. पहिली खेप तुमच्यासारखीच, पैसे भरून, एका संस्थेतर्फे. नंतरच्या आपल्या आपण, ओळखीच्या गावात.

आधी पैशाचं बोलू, कारण प्रश्नात ते दबक्या आवाजात आलंय. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, १२ मे ला दोलखाच्या बाजूला ७.३ चा दुसरा. पाच लाखांच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. सरकारने घरटी अनुदान आधी दोन लाख ठरवलं, मग वाढवून तीन लाख नेपाळी रुपये केलं. आपल्या शंभर रुपयांना त्यांचे एकशे साठ, हा दर बांधलेला आहे. म्हणजे एका कुटुंबाला अख्ख्या घरासाठी सरकारकडून मिळाले आपले १ लाख ८७ हजार ५००. तुम्ही दोन आठवड्यांच्या हौसेला तिकीट धरून त्याच्या जवळपास जाणार. शिवाय गावातला कसबी गवंडी एका दिवसात जेवढं बांधतो तेवढं तुम्ही चार दिवसांत बांधणार नाही, आणि जे बांधाल ते त्याला बघत बसावं लागणार.

तेव्हा फक्त घरं वाढावीत एवढाच हेतू असेल तर पैसे पाठवा आणि घरी बसा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्या नवऱ्याने हेच केलं आणि तो माझ्याइतकाच पुण्यवान आहे.

मग मी का जाते? सांगते, पण आधी पहिल्या दिवसाची भिंत.

त्रिशूली नदीच्या वरच्या अंगाला गाव. बस सोडल्यावर दीड तासाची चढण. आम्ही नऊ जण, त्यातले सहा मुंबई-पुण्याचे. घर दगड-मातीचं, दीड फुटी भिंत. गवंड्याला तिथे डकर्मी म्हणतात. आमचा डकर्मी साठीचा, सगळे त्याला साइँला दाइ म्हणायचे. साइँला म्हणजे तिसऱ्या नंबरचा मुलगा, दाइ म्हणजे दादा. त्यांच्याकडे जेठा, माइला, साइँला, काइँला, कान्छा अशी जन्माच्या क्रमाने हाक मारतात, खरं नाव कागदावर. मी त्याला जरा ऐटीत सांगितलं की मी इंजिनिअर आहे. तो हसला आणि म्हणाला, राम्रो. छान.

आम्ही दिवसभर जीव तोडून आतल्या बाजूचे चार थर चढवले. दोरी लावून, ओळंबा धरून. दिसायला एकदम सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी साइँला दाइने चुलीतला कोळसा आणला आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ ओढली. जेमतेम वाकडी. मग शांतपणे पहार माझ्या हातात दिली.

चारही थरांचे उभे सांधे एकाखाली एक आले होते. रेल्वेच्या पुलावरचा आपला साधा नाका बिगारीसुद्धा विटांच्या कामात ही चूक करत नाही. मी वीस वर्षं कॉलमच्या सळया, रिंगांचे आकडे, स्लॅबच्या लेव्हली तपासल्या; दगड स्वतःच्या हाताने एकावर एक कधी ठेवलाच नव्हता. त्याहून मोठी चूक पुढे होती. दगडी भिंत दोन पदरांची असते, बाहेरचा पदर आणि आतला, मध्ये भर. भूकंपात हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि आतला पदर माणसांवर पडतो. म्हणून दोन्ही पदर शिवून घेणारा आरपार दगड घालायचा, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत चार फुटांच्या आत. आम्ही एकही घातला नव्हता. किल्लारीला माणसं अशाच भिंतींखाली आणि वरच्या जड माळवदांखाली गेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडी कमी असताना. मी तेव्हा डिप्लोमाला होते आणि नंतर कॉलेजच्या मुलांबरोबर तिकडे जाऊन आले होते. उघड्या पडलेल्या त्या भिंतींची पोटं मी बघितली होती, आणि तरी तेवीस वर्षांनी तशीच भिंत बांधली.

भिंत आम्हीच उतरवली. सकाळचे तीन तास गेले. मग साइँला दाइने एक दगड उचलला, हातात तीनदा फिरवला, कड जरा टिपली आणि ठेवला. हलला नाही. दुसरा उचलला, फिरवला, बाजूला टाकला. हे मी तास दीड तास नुसतं बघितलं. त्यानंतर पाच खेपांत मी कधी थापी हातात घेतली नाही. माती कालवते, दगड पोचवते, आरपार दगड मोजते, सळईचे हूक तपासते. मला जे येतं ते एवढंच आणि त्याची गरजही होती, कारण अनुदान तीन हप्त्यांत मिळायचं. करार झाला की ५० हजार, जोत्यापर्यंत काम आलं आणि सरकारी इंजिनिअरने पास केलं की दीड लाख, भिंती वर गेल्या की उरलेले एक लाख. मध्ये कुठे भिंतीला बांधून ठेवणारा आडवा पट्टा चुकला, सळईची रिंग नुसती काटकोनात वाकवून सोडली, तर हप्ता अडकणार. पाहुण्यांच्या हौसेपायी एखाद्या बाईचा दीड लाखाचा हप्ता सहा महिने लटकणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा की आमच्यावर देखरेख कोणाची आणि त्या डकर्मीला मजुरी कोण देतं. तुमच्या येण्याने त्याची रोजी बुडत असेल तर जाऊच नका.

आता दुसरा भाग, नात्याचा. लोक यावर फार गोड लिहितात, मला जरा अवघडच जातं.

ज्यांच्या घराचं काम होतं त्या आमा, म्हणजे आई. गावात सगळेच त्यांना तसं म्हणायचे. पासष्टीच्या. तात्पुरत्या पत्र्याच्या खोपटात दीड वर्ष राहिलेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी हात धुताना त्यांनी मला विचारलं, "तिम्रो घरको काम कहिले?" तुझ्या घराचं काम कधी आहे? मला वाटलं आमच्या घराची चौकशी करतायत. मी म्हटलं, आमची बिल्डिंग गोरेगावला आहे, रिडेव्हलपमेंटला द्यायची म्हणून अकरा वर्षं मीटिंगा चालल्यात. साइँला दाइ पोट धरून हसला आणि मग त्याने मला समजावलं. त्या विचारत होत्या की मी तुझ्या कामाला कधी येऊ.

त्या डोंगरात पर्म नावाची रीत आहे. आज तुझ्या शेतात माझी माणसं, उद्या माझ्या शेतात तुझी. रोजगार नाही, दिवसाला दिवस. आपल्याकडे कोकणात, मावळात सावड म्हणतात, कुठे इर्जिक. माझी आजी संगमेश्वरची, तिच्या तोंडी सावड हा शब्द रोजचा होता; मुंबईत आल्यावर तो आमच्या घरातून गेला, कारण कोणाला कोणाच्या भाताला जायचंच नव्हतं. आमांच्या हिशोबी मी आठ-दहा दिवस त्यांच्या कामावर होते, म्हणजे आठ-दहा दिवस त्यांच्या अंगावर होते. फेडायचे कसे हा त्यांचा सरळ प्रश्न होता. आणि मी तिथे 'मदत' करायला गेले होते! मदत घेणाऱ्याने आभार मानायचे आणि गप्प बसायचं, असं आपण धरून चालतो. बाईंनी ते धरलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. आत गुन्द्रुक, आंबवून वाळवलेली पालेभाजी, आणि वर थोडे मकई. मी नको म्हटलं. गरिबाघरचं कसं घ्यायचं, वगैरे. त्यांचा चेहरा पडला नाही, बंद झाला. साइँला दाइ मला बाजूला घेऊन म्हणाला, घे, नाहीतर तिने तुझ्याकडून भीक घेतली असं होईल. मी घेतली. मग त्यांनी दुसरी पिशवी काढली, पहिलीपेक्षा मोठी, आणि म्हणाल्या, ही माझ्या मुलाला.

मुलगा कुठे? भांडुपला. एका सोसायटीत वॉचमन.

तुम्ही ठाण्याचे, तुमच्या गेटवरही बहुधा कोणी तरी असेल. कुठल्या जिल्ह्याचा, विचारलंय कधी? मी तोवर वीस वर्षं साईटवर नेपाळी वॉचमनच्या हातचा चहा प्यायले होते आणि एकालाही विचारलं नव्हतं. डोंगरातल्या त्या गावात घरं बांधायला तरुण हात का नाहीत, याचं उत्तर अर्धं आखातात आणि मलेशियात होतं, आणि थोडं आमच्या पूर्व उपनगरांत. आम्ही नऊ जण सुट्ट्या टाकून तिथे दगड वाहत होतो आणि तिथला दगड वाहणारा आमच्या गेटवर रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहीत होता.

भांडुपला मी गेले. तो खाली केबिनमध्ये बसला होता. पिशवीचं तोंड उघडून त्याने आधी नुसता वास घेतला. मग बराच वेळ घराबद्दल विचारत राहिला: दार कुठल्या दिशेला केलं, गोठा कुठे गेला, फणसाचं झाड राहिलं का. माझ्या मोबाईलमध्ये भिंतीचे शंभर फोटो होते, झाडाचा एकही नव्हता.

पुढे आमची बिल्डिंग एकदाची खाली करायची वेळ आली. चौथा मजला, लिफ्ट बंद. तो त्याच्या सुट्टीच्या दिवशी दोन सोबत्यांना घेऊन आला आणि सासूबाईंचं शिसवी कपाट पाठीवर नाम्लो लावून, म्हणजे कपाळावरून जाणारा पट्टा लावून, खाली उतरवलं. मूव्हर्सवाले बघत राहिले. पैसे पुढे केले तर म्हणाला, आमाने सांगितलंय, दिवस फिटले पाहिजेत. अजून सहा दिवस बाकी आहेत म्हणतो. मी आता हे दिवस संपू देत नाही. दर खेपेला तिकडे जाऊन वाढवून येते.

हे सगळ्यांच्या बाबतीत होईल असं नाही. आमच्या नऊ जणांपैकी सहा जणांचा त्या गावाशी आज काही संबंध नाही, आणि ती माणसं वाईट नाहीत. त्यांनी मन लावून काम केलं, चॉकलेटं वाटली, रडून निरोप घेतला आणि 'पुढच्या वर्षी नक्की येतो' म्हटलं. गावाने ते खरं धरलं. पुढच्या खेपेला मी एकटी दिसल्यावर मुलांनी मला त्या सहा जणांची नावं घेऊन विचारलं. तेव्हा एवढं पाळा: येणार नसाल तर येतो म्हणू नका. आणि चॉकलेटं नकोतच. दुसऱ्या दिवसापासून मुलं शाळा सोडून तुमच्या पिशवीभोवती असतात आणि आयांना ते आवडत नाही, फक्त बोलून दाखवत नाहीत.

परक्या देशात जाऊन घरं बांधण्याची ही रीत नवी नाही, आणि आपण तिच्या दोन्ही बाजूंना राहिलोय. १५ जानेवारी १९३४ च्या नेपाळ-बिहार भूकंपानंतर पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर मोजक्या सोबत्यांना घेऊन बिहारमध्ये आला आणि गावं पुन्हा उभी करायच्या कामाला लागला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, त्याने फ्रान्समधल्या व्हर्दांजवळच्या उद्ध्वस्त गावात असंच शिबिर घेतलं होतं. बिहारमध्ये तो एकदा येऊन गेला असं नाही. १९३४ ते ३७ या काळात पुन्हा पुन्हा आला. मला त्यातला 'पुन्हा पुन्हा' महत्त्वाचा वाटतो. आणि २००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नीसह लोणावळ्याजवळ पाटण गावात शंभर घरांच्या कामासाठी आले होते. आपल्या मावळात, आपल्या गवंड्यांच्या शेजारी गोरे पाहुणे घमेली उचलत होते. तिकडे गेल्यावर आपण त्या पाहुण्यांच्या जागी असतो हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुधारतात. आपल्या गावात कोणी आल्या आल्या चुलीचे फोटो काढायला लागला तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं बघायचं.

एक वाद तिथे हमखास निघेल. शहरातल्या पाहुण्यांना दगड-मातीचं घर आवडतं, गावाला सिमेंटचं हवं असतं. कमी खर्चाची घरं बांधणारे इंग्रज वास्तुविशारद लॉरी बेकर मुंबईत बोटीची वाट बघत अडकले होते तेव्हा त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे त्यांनी तिथे ऐकलं. मला ते पटतं. सिमेंटची गोण डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, घालून पाठीवर चढताना बघितली की आणखी पटतं. पण ज्याच्या आईवर दगडी भिंत पडली त्याला मी पाच मैलांचं तत्त्व सांगणार नाही. घर त्याचं, निवड त्याची. दगडाचंच करायचं ठरलं तर खिडकीखाली, दारावर आणि छताखाली लाकडाचे किंवा काँक्रीटचे सलग पट्टे घ्या, आरपार दगड घाला, कोपरे शिवा. एवढं माझं काम. किल्लारीनंतर आपल्याकडे कित्येक गावं नव्या जागी सरळ रेषेत, रुंद रस्त्यांवर वसवली. घरं मजबूत झाली, पण भावकी विखुरली आणि गोठ्याला जागा राहिली नाही म्हणून लोक बरीच वर्षं कुरकुरत राहिले. बाहेरून येऊन शहाणपणा केला की असं होतं, त्यात मी ज्या पेशाची त्याचा वाटा मोठा.

भाषेचं सांगते, कारण जवळीक तिथूनच सुरू होते आणि मराठी माणसाला त्यात आयतं घबाड आहे. लिपी आपलीच. बसच्या पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. आणि अर्थ फसवतात. घाम म्हणजे ऊन. 'घाम लाग्यो' म्हणजे ऊन पडलं; आमच्यातला एक मुलगा दोन दिवस कपाळ पुसत होता. जेवताना 'मिठो छ?' विचारतात; आपल्याला वाटतं मीठ बरोबर आहे का. मिठो म्हणजे चविष्ट, मिठाला नून. आणि दगडाला ढुङ्गा. दिवसभर 'ढुङ्गा देऊ, ढुङ्गा देऊ' ऐकून आमची पोरं का खिदळतायत हे आमांना कळेना, आणि मला सांगता येईना. शेवटी साइँला दाइला हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला माहीत होतं आणि त्यानंतर आमच्यात परकेपणा असा फार उरला नाही. पोट भरलं की 'पुग्यो' म्हणायचं, तेही दोनदा, नाहीतर भात येत राहतो. वयाने मोठ्यांना दाइ, दिदी. लहानांना भाइ, बहिनी. नावाने हाक मारू नका.

वेळ चुकवू नका. मुंबईकराला सुट्टी दिवाळीत मिळते, आणि तेव्हाच तिकडे तिहार असतो, त्याच्या थोडं आधी दशैं, म्हणजे त्यांचा दसरा. कामाला कोणी मिळत नाही. कोणी भाइटीकाला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, बसवून घेतलं तर आनंदाने बसा, पण भिंत चढणार नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, मातीचं काम बंद, लावणीची गडबड आणि आपल्या सह्याद्रीसारख्याच जळवा. तिहार आणि भाताची कापणी आटोपल्यापासून मार्चपर्यंतचे दिवस बरे.

जायचं कसं, तर नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. तुमच्या वयाच्या माणसाला आधार चालत नाही, यावरून विमानतळावरून परत फिरलेले मी बघितलेत. दुसऱ्या कुठल्या देशाचा विचार केलात तर तिथे पर्यटक व्हिसावर असं फुकटचं कामसुद्धा चालतं का, हे आधी त्यांच्या वकिलातीच्या साईटवर वाचा, कारण पुष्कळ ठिकाणी चालत नाही. मी स्वतः आता कुर्ल्याच्या टर्मिनसवरून गोरखपूरला जाते, तिथून सोनौलीची सीमा, पुढे बस. दोन दिवस मोडतात. पण त्या डब्यात निम्मी माणसं घरी चाललेली असतात, आणि मी आता त्यांना जिल्हा विचारते. सीमा ओलांडल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

सोबत जाड तळाचे बूट, चामड्याचे हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं, आणि डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च देणारा प्रवास विमा. पायावर दगड पडतोच. पहिल्या आठवड्यात माझं नख गेलं.

आता तुमचं. अनुभव शून्य आहे, तेव्हा जायच्या आधी इथेच दोन-तीन शनिवार-रविवार कुठल्या तरी चालू साईटवर घमेली उचला. कर्जत, जव्हारकडे घरकुलाची कामं चालू असतात, ग्रामपंचायतीत विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. उन्हात सहा तास टिकलात आणि तरी जावंसं वाटलं तर संस्थेला लेखी विचारा: भरलेल्या पैशातले किती सामान आणि मजुरीत जातात, आमच्या आधी आणि नंतर त्या गावात कोण असतं, घर कोणाच्या नावावर आहे. नीट उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका. आलं तर जा, आणि पहिल्या दिवशी थापी मागू नका. एक विनंती माझीही आहे. गाव ठरलं की निघायच्या आठवडाभर आधी तुमच्या बिल्डिंगच्या आणि आजूबाजूच्या दोन-चार गेटांवर विचारून या, त्या बाजूचा कोणी आहे का. असला तर घरच्यांसाठी काय न्यायचं ते त्यालाच विचारा. बॅगेत तीन-चार किलोंची जागा रिकामी ठेवा, येतानाही लागेल.